पाठीनं दिलेला निकाल

आमचे शेजारी इनुसभाई मटणाचे वाटे घालतात. कवठे येमाईत कुणीही बोकड कापला, की बोलावणं ह्यांनाच. वाटे पाडले की ते पाठ फिरवून उभे राहतात. कुणीतरी एका वाट्यावर बोट ठेवून विचारतं, "ह्यो कुणाचा?" भाई न बघता नाव घेतात आन् त्यावर कुणी ब्र काढत नाही. सारी अब्रू त्या पाठीवर. त्यांच्या घरच्या चांदबी वहिनी म्हणतात, "घरातबी पाठच दावत्यात!"

दोन हजार दोन साली गावच्या पतसंस्थेला कॉम्प्युटर घ्यायचे होते. शिरूरचा दत्ता आणि दौंडचा अक्रम, दोघं दुकानदार आले. काम चालू असताना कॉम्प्युटर सगळं जिच्यात ध्यानात ठेवतो, ती रॅमची पट्टी आपलीच चपळ, असं दोघांचंही म्हणणं. अक्रमनं वेग मोजायची सीडी लावून आपला आकडा मोठा दाखवला.

दत्ता खवळला, "सीडी तुझी, मशीन तुझं! आपल्याच काट्यावर आपलं मटण तोलतोस व्हय?"

चेअरमन हौसरावांनी पंच म्हणून इनुसभाईंना बसवलं. आता मेख अशी, की अक्रमशी भाईंच्या लेकीची, आसमीनची सोयरीक ठरलेली. जावयाला कौल दिला तर गाव वाट्यावरून उठवणार. न दिला तर लग्न बोंबलणार.

भाईंनी फर्मान काढलं: मशीन एकच, तेही शाळेचं. काम पतसंस्थेचं, सगळ्या खात्यांचं व्याज काढायचं. पट्ट्यांवरची दुकानाची लेबलं त्यांनी स्वतः खरवडली. "नाव दिसलं की डोळा फितूर होतो." मग एकीला ऊन, एकीला सावली नको, म्हणून दोन्ही पट्ट्या पळसाच्या एकाच पानावर ठेवल्या.

मी विचारलं, "भाई, हळद-मीठ लावू का?"

"तुम्ही तोंडाला कुलूप लावा, तेवढं पुरं."

पहिल्या पट्टीला व्याज काढता काढता सगळ्यांचा चहा झाला. दुसरीनं कपात चहा असतानाच काढलं. दुसरी जिंकली! पण ती कुणाची? लेबलं तर खरवडलेली. हौसरावांनी सवयीनं पट्टीवर बोट ठेवलं, "ह्यो कुणाचा?"

भाईंची पाठ सवयीनं फिरली. "दत्ताचा!"

"मामू, ती माझी हाय!" अक्रम ओरडला.

"खूण दाव."

अक्रमनं पट्टी उलटून बघितली; लेबल तर भाईंनीच खरवडलेलं.

"पाठीनं सांगितलंय, बाबा," हौसराव म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन्ही पट्ट्या दिसायला एका आईच्या; पण ऑर्डर दत्ताला.

सोयरीक मोडतो म्हणत अक्रम तरातरा निघाला. वाटेत आमच्या आळीतलं भाईंचं दार लागतं. तिथं आसमीन उभी.

"वाट्यावर रुसणारा नवरा मलाबी नको," ती म्हणाली. "जायचं तर जावा."

अक्रम थांबला. हरलेली पट्टी खिशात घातली आणि गपचूप चहा मागितला.

लग्नात वाढायला भाईच. नवऱ्याच्या ताटात नेमकी हाडं आली. मी हळूच म्हटलं, "जावईबापू, बदलून आणू का?"

अक्रमनं आधी सासऱ्याच्या पाठीकडं बघितलं. "नको मामा. हाय तेच ग्वाड हाय."