हळदीखाली झाकलेली नागीण

डॉक्टरीणबाई ओल्या कापसाने माझ्या कपाळावरची हळद पुसत होत्या. लेप वाळून घट्ट झाला होता. तो निघाला तसे खालचे फोड दिसले. सगळे उजव्या बाजूला, कपाळाच्या मध्यावर येऊन थांबलेले. एक बारीक फोड नाकाच्या शेंड्यावर होता. तो पाहून त्यांचा हात थांबला.

"हर्पीस झोस्टर. आपण नागीण म्हणतो," त्या म्हणाल्या. "नाकाच्या शेंड्यावर फोड आला की डोळ्याला धोका असतो. आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या विभागात जा."

अकोल्याच्या त्या दवाखान्यात माझ्यासोबत शांताताई होत्या, माझ्या थोरल्या नणंदबाई. यजमान गेल्यावर त्यांनी मला अमरावतीच्या घरात एकटे राहू दिले नाही, पातूरला आपल्याकडे आणले. तिथे पहिल्याच सकाळी स्वतःच्या हाताने मला टिकली लावली. शेजारणींनी नाके मुरडली, तर ताईंनी त्यांना ऐकवले, की भाऊ माझा गेला, कपाळ तिचे आहे.

म्हणून पुरळ उठले तेव्हा सगळ्यांनी टिकलीकडेच बोट दाखवले. देवालाही हे पटले नसेल, असे एकीने सुचवले. ताई चिडल्या. टिकलीच्या गोंदाने कित्येकींना खाज सुटते, त्यात देवाचे काय? त्यांनी तुळशीची पाने वाटली, हळद कालवली आणि जाड लेप दिला.

पण मला खाजत नव्हते. आग होत होती, कपाळापासून डोक्यात कळा जात होत्या. रडून डोके दुखते, तसेच काही असेल असे मला वाटले. ताई लेपावर लेप देत राहिल्या आणि त्या पिवळ्या रंगाखाली लाली कुठवर गेली, हे कोणालाच दिसले नाही. पापणी सुजून डोळा मिटला, तेव्हा त्यांनीच गाडी ठरवली.

डोळ्यांच्या विभागाबाहेर बाकावर बसले होते. सुजलेली पापणी बोटाने उचलून समोरची पाटी वाचू पाहिली. अक्षरे एकमेकांत विरघळली होती. आमच्या घरी रोज संध्याकाळी एकाने वाचायचे, दुसऱ्याने ऐकायचे, असा रिवाज होता. ऐकणारा गेला होता. आता वाचणेही गेले तर?

ताई जरा अंतर ठेवून बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "टिकली म्याच लावली, अन् झाकलंही म्याच. तुह्या डोळ्याले काही झालं तं माह्या भावाले काय सांगू?"



डोळ्यांच्या डॉक्टरांनी रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात पाहिले. कॉर्निया, म्हणजे बुबुळापुढचा पारदर्शक पडदा, सुजला होता. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू नसांत दडून राहतो आणि शरीर खचले की डोके वर काढतो, असे त्यांनी समजावले. टिकलीचा यात काही संबंध नाही, हेही ताईंकडे पाहून सांगितले. विषाणूवरच्या गोळ्या, डोळ्याचे थेंब. नजर किती राहील, हे सूज उतरल्यावरच कळणार होते.

पुढच्या तपासण्यांत तक्ता वाचताना मी अडले, की ताई मागून अक्षर सांगत. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आजी, परीक्षा यांची आहे."

नजर राहिली. शेवटची ओळ अजून धूसर दिसते, कपाळात अधूनमधून कळ येते. घामोळ्यावर तुळस-हळद मी आजही लावते. पण पुरळ एकाच बाजूला असेल, खाजेपेक्षा आग जास्त असेल, तर त्यावर काही लावून झाकू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दवाखान्यात नेले त्या दिवसापासून ताईंनी माझ्या चेहऱ्याला हात लावला नव्हता. थेंब त्यांची सून टाकायची. एका दुपारी मी बाटली घेऊन त्यांच्या मांडीवर डोके ठेवले आणि म्हटले, थेंब आता तुम्हीच टाका.

"मले भेव लागते, बाई," त्या म्हणाल्या.

मी डोळा उघडा धरून पडून राहिले. पहिला थेंब माझ्या कानात गेला. दुसरा बरोबर पडला.