कन्नडचा चौकोन

माझे अब्बा, युसूफ, छावणीत टीव्ही दुरुस्त करायचे. लोकांच्या गच्चीवरचे जुने अँटेने निघाले आणि डिशच्या थाळ्या आल्या, तेव्हा बाकीचे मेकॅनिक धंदा बुडाला म्हणून रडत बसले. आमचे अब्बा ते अँटेने गोळा करत सुटले. त्यांच्या ॲल्युमिनियमच्या कांड्या कापून, प्लास्टिकच्या पाइपला बसवून त्यांनी हातात धरायचा एक अँटेना तयार केला. तो आकाशाकडं रोखून ते उपग्रहातून लोकांशी बोलायला लागले. रीतसर सरकारी लायसन काढून. हॅम रेडिओ म्हणतात त्याला. छावणीतले लोक युसूफभाईचं खूळ म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मीही तेच म्हणायचे.

खूळ कसलं, तेही सांगते. ह्या हॅम लोकांनी आख्ख्या पृथ्वीचे चौकोन पाडलेत. एका जागी राहून, उपग्रहातून, शंभर वेगवेगळ्या चौकोनांतल्या माणसांशी बोलायचं, की एक सर्टिफिकेट मिळतं. बस. ना पैसा, ना पेन्शन. त्यासाठी अब्बा दुकानातलं गिऱ्हाईक ताटकळत ठेवून घरी पळत यायचे, कारण उपग्रह काही कुणासाठी थांबत नाही. इकडून उगवला की दहा-बारा मिनिटांत तिकडं मावळतो.

अब्बा बोलायचे आणि अम्मी अँटेना धरायची. माझी अम्मी, शहजादी. उपग्रह दिसत नाही, ऐकू येतो तेवढाच, पण अम्मीचा हात बरोबर त्याच्या मागं फिरायचा. आवाज खरखरला की मनगट जरासं वळवायची, की साफ. तोंडाचा पट्टा मात्र चालूच. "हात भरून आला माझा. तुमच्या त्या ओमानवाल्याला म्हणावं, ये धरायला." अब्बा हसायचे आणि तिला हातानंच गप्प राहा म्हणायचे.

समोरच्याचा आवाज आपल्याला पाच-नऊ आला, म्हणजे छान आला, असं दोघांनी एकमेकांना सांगायचं, ही त्यांच्यातली रीत. तो रिपोर्ट दोन्हीकडून पोचला तरच बोलणं झालं असं धरतात. अब्बा ह्यात भलतेच कडक. श्रीलंकेच्या एकानं एकदा कळवलं, तुमचा आवाज पोचला, मी बोलणं नोंदवलंय, तुम्हीही नोंदवून टाका. अब्बा म्हणाले, त्याचा रिपोर्ट मला ऐकूच आला नाही, मी कसा नोंदवू? मी म्हटलं, अब्बा, कोण बघतंय? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी मुकाट्यानं आत जाऊन भांडी घासली.

तर अशी गोळाबेरीज होत होत एकच चौकोन उरला. तोही कुठला, तर शेजारचा. दौलताबाद सोडलं की वेरूळच्या अलीकडं ती रेघ जाते, आणि तिच्या पलीकडच्या चौकोनात कन्नड. कन्नड म्हणजे अम्मीचं माहेर. अब्बांचे दोस्त गोकुळकाका एसटीच्या वर्कशॉपला, तेही हॅम. ते किती वेळा म्हणाले, "युसूफभाई, मी गाडीवर जाऊन येतो कन्नडला, तुमचा चौकोन मोकळा." अब्बा म्हणायचे, "नाय. तो शहजादी देणार. एवढे दिवस हात दुखवून घेतलाय तिनं, शंभरावी तीच." आता झालं का. म्हणजे पन्नाशीच्या बाईनं लायसनची परीक्षा द्यायची.

आणि तिनं दिली. पोळ्या लाटता लाटता ओहमचा नियम घोकला, दोनदा माझ्यावर लाटणं उगारलं, पण पास झाली. पोलीस चौकशीला आलेला हवालदार म्हणाला, "बाई, तुम्ही उपग्रहावरून बोलणार तरी कुणाशी?" अम्मी म्हणाली, "नवऱ्याशी. घरात ऐकत नायत ते." लायसन यायला पुढं वर्ष गेलं. त्याच वर्षात अब्बांचा आवाज बसला. आम्ही समजलो सर्दी, मग समजलो धूळ, आणि मग डॉक्टरांनी खरं काय ते सांगितलं. कॅन्सर होता. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचवायला बघू, पण आवाज जाईल.

तेव्हापासून अम्मीचं एकच चालू झालं. नक्को बोलो. चहा पाहिजे तर बोट दाखवा, नक्को बोलो. दुकानात जाऊ नका, नक्को बोलो. डॉक्टरांनीच घशाला आराम द्या म्हणून सांगितलं होतं, आणि तिनं ते पदराला गाठ मारून ठेवलं.

लायसन हातात पडलं तेव्हा ऑपरेशनची तारीख ठरून गेली होती. उरला होता आदल्या दिवशीचा संध्याकाळचा पास, म्हणजे उपग्रहाची डोक्यावरून एक फेरी. तो उपग्रह आवाजाचाच. न बोलता टिकटिक करून कळवायचं ते मोर्स अब्बांना यायचं, अम्मीला नाही, तेव्हा नंतर दुसरी कुठलीच वाट नव्हती. अम्मी दुसरा रेडिओ आणि अँटेना घेऊन सकाळच्या एसटीनं कन्नडला गेली, मामूच्या गच्चीवर उभी राहिली. इकडं आमच्या गच्चीवर अब्बा, आणि अँटेना धरायला मी.

उपग्रह वर आला. आधी गुजरातचा कुणीतरी, मग ओमानवाले अब्बांचे जुने दोस्त, सगळे एकावर एक. मग त्या गर्दीतून अम्मीचा आवाज आला. आपला कॉलसाईन, म्हणजे लायसनवरचं रेडिओचं नाव, अब्बांचा कॉलसाईन, चौकोनाचं नाव, पाच-नऊ. एक अक्षर चुकली नाही. अब्बांचे डोळे भरून आले आणि माझेही, उगाच नाही म्हणत नाही. अब्बांनी माइक तोंडाशी घेतला. तिचा कॉलसाईन म्हटला. आवाज कसला, नुसता घोगरा वारा. मग रिपोर्ट द्यायला लागले. "फाइव्ह" म्हणाले आणि खोकला आला. श्वास घेऊन परत "फाइव्ह".

आणि तिकडून अम्मी मध्येच म्हणाली, "बस करो जी. नक्को बोलो. आया आवाज, हो गया. मी निघते आता, जेवायला थांबा."

अब्बांनी परत बटण दाबलं, पण तोवर दुसरं कुणीतरी मोठ्यानं शिरलं होतं. आणि मग उपग्रह खाली गेला. मी अँटेना धरून उभी. दोन शब्द राहिले होते, "फाइव्ह नाइन" एवढंच, मला येत होते, पण माझ्याकडं लायसन नाही, मी तोंड उघडू शकत नव्हते. मला अम्मीचा असा राग आला की काय सांगू.

पुढचा पास दीड-पावणेदोन तासानं होता, जरा खालून जाणारा, पण होता. मी मोबाइल काढला. अम्मी अजून बसस्टँडलाच असेल, थांब म्हणते तिला. अब्बांनी माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला. "येऊ दे तिला," म्हणाले.

"अब्बा, उद्या आवाज जाणार तुमचा. आजच्याला सोडलं तर कायमचं राहील."

"म्हणून तर," ते म्हणाले. "येऊ दे घरी."

अम्मी आली ती अशी, की जशी निवडणूक जिंकून आली. पायातल्या चपला काढायच्या आधी विचारलं, "झाले ना शंभर?" मी अब्बांकडं बघितलं. श्रीलंकेवाल्याला सहा महिने झुलवणारे माझे अब्बा म्हणाले, "झाले."

त्या संध्याकाळी अब्बा अम्मीशी बोलत बसले. मामूचा ऊस कसा आहे, तुझ्या अम्मीच्या कबरीवर गेली होतीस का, लग्नात तुझ्याकडच्यांनी मला कसं उन्हात बसवलं होतं. ती दर वाक्याला नक्को बोलो म्हणत होती आणि ते बोलत होते. ताटं गार झाली. मी आयुष्यात त्यांना तिच्याशी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. त्यानंतर अब्बा बोलले नाहीत, आणि पुढचा उन्हाळा त्यांनी काढला नाही. अम्मी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगायची, ह्यांनी शंभर मुलखांशी बोलणं केलं आणि शंभरावी मी. मी ऐकून घ्यायचे. माझ्या तोंडून खरं निघणार नव्हतं.

अम्मीची इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर घरात काढायचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर गोकुळकाका भेटायला आले. भला माणूस, पण सरळ. चहा पिता पिता म्हणाले, "नव्याण्णववर राहिले हो, भाभी. लई वाईट वाटतं."

अम्मी म्हणाली, "नव्याण्णव कसे? शंभर. मी दिला ना कन्नडहून."

मी काकांना डोळ्यांनी खुणावत होते, त्यांचं लक्षच नव्हतं. "तो त्यांनी धरलाच नाय. मी म्हटलं धरा, कोण विचारतंय. तर मला लिहून दाखवलं, माझा रिपोर्ट तिनं ऐकलाच नाय, मग झाला कसा?"

अम्मी खाली बसली. काका घाबरून माझ्याकडं बघायला लागले.

"मला झाले म्हणले होते," अम्मी म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "दोनच शब्द होते गं, युसरा. बोलू द्यायला पाहिजे होतं मी त्यांना."