तलावाकाठचे शाले आणि एक ‘ळ’

सिंगापुरात डोंगर नाहीत, बर्फ नाही, पण शाले आहेत. बर्फाच्या डोंगरात स्कीवाले ज्या लाकडी घरांत मुक्कामाला राहतात, त्यांचा हा शब्द. इथे तो पाण्याकाठच्या सुट्टीच्या खोल्यांना चिकटला. सेम्बावांगच्या पुढे एका तलावाकाठी असे तीन जुने शाले होते. रविवारी पाण्यावर स्की करता यावं म्हणून इंग्रजांच्या गोदीतल्या कामगारांनी ते फार पूर्वी स्वतः बांधले. भिंतीला आडव्या फळ्या, त्यांवर लाकडी स्की. मागे मोटरबोटीची शेड. चावी एका निवृत्त मल्याळी वेल्डरकडे असायची. सगळे त्यांना अंकल म्हणत, मीही.

मी तेव्हा चांगी बिझनेस पार्कात एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळत होते आणि टॅम्पिनीसला दोघींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होते. रविवारी टोकापासून टोकापर्यंत एमआरटी मेट्रो, मग बस, मग चालत. बोटीची दोरी धरून पाण्यावर उभं राहायला मला बरेच महिने लागले. अंकल हसायचे. म्हणायचे, “गर्ल, पाणी काही बॉस नाही, त्याच्यासमोर एवढी ताठ उभी राहू नकोस.”

आमच्या घरात तळं हा शब्द साधा नाही. माझ्या आजोबांना गावच्या तळ्यावर उतरू दिलं नव्हतं. घाटाच्या वरच थांबायचं आणि कुणी घातलं तर पाणी घ्यायचं. इथे मला कुणी विचारलं नाही तू कोण, कुठली. अंकलनी लाइफजॅकेट अंगावर फेकलं आणि म्हणाले, उतर. त्या खोल्या माझ्या कशा झाल्या, याचं एवढंच उत्तर आहे.

एके दिवशी शाल्यांच्या दारावर नोटीस लागली. तलावाकाठी फिरायचा रस्ता होणार, बांधकाम हटणार. अंकल सरकारी कार्यालयात गेले, मीही गेले. तिथला अधिकारी तरुण आणि गोड बोलणारा. म्हणाला, हा एका म्हाताऱ्याचा छंद नाही, वेगवेगळ्या समाजांना या जागेशी नातं वाटतं, हे दाखवा. तसं दिसलं तर एक तरी शाले जतन करता येईल का, ते पाहू. खोल्या गेल्या तर बोटीला जागा नाही, आणि बोट नाही तर स्की नाही. म्हणजे अंकलचे रविवार गेले.

मी अकोल्याची. पत्रकं वाटत मोठी झाले. पहिल्या ओळीत मागणी, दुसऱ्या ओळीत खोटं कोण बोलतंय ते, आणि खाली सह्या, हे मला शाळेच्या कवितांच्या आधी पाठ होतं. अंकलनी मल्याळी आणि चिनी लोक धरले, मी मराठी. पत्रक लिहिलं आणि इथल्या मराठी मंडळींचं छोटं वार्तापत्र काढणाऱ्या काकांकडे दिलं. काका बँकेत मोठ्या हुद्द्यावर, कायमचे रहिवासी, शुद्धलेखनाच्या बाबतीत भारी कडक. तेव्हा मराठी टायपिंग म्हणजे जुन्या फॉन्टची झटापट, म्हणून ते म्हणाले, तू दे, मी टाइप करतो.

अंक घरोघरी गेला आणि सह्या भराभर आल्या. लोक इतक्या उत्साहाने सही करताहेत म्हणून मी आठवडाभर हवेत होते. मग अंक माझ्याही हातात पडला. मथळा होता, ‘तलावाकाठची जुनी शाळा वाचवा’. आतही जिथे जिथे शाले, तिथे तिथे शाळा. आणि शाळा म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

अंकलना सांगितलं तर ते आधी पोट धरून हसले. मग गंभीर झाले. इथल्या लोकांसारखं ‘लाह’ जोडून म्हणाले, “सही ती सही, लाह. मी इथे माणसांना उभं राहायला शिकवलंच ना? मग शाळाच झाली. गप्प बस.”

मी गप्प बसले नाही. खोट्या कागदावर सही घ्यायची नाही, एवढं मला शिकवलं होतं. मी काकांच्या काँडोवर गेले आणि म्हटलं, दुरुस्ती छापा, लोकांना पुन्हा विचारा. काकांनी चहा दिला, चूक मात्र घेतली नाही.

“अगं, मला वाटलं तुमच्याकडे ळ चा ल करतात ना, म्हणून तू शाळेचं शाले लिहिलंस. मी सुधारून घेतलं.”

“आमच्याकडे ळ चा य होतो, काका. शाया म्हणतात. हसायचंच तर नीट माहिती घेऊन हसा.”

“हे बघ, लगेच अंगावर येतेस. तुम्हा लोकांना सगळीकडे मोर्चाच दिसतो.”

“तुम्हा लोकांना म्हणजे कोणाला?”

काकांनी बिस्किटांची बशी पुढे केली. काकू आत गेल्या.

दुरुस्ती मात्र त्यांनी सह्या करणाऱ्यांना तत्परतेने पाठवली. सोबत स्वतःच्या चार ओळीही, की गोरे गेले, गोदीवाले गेले, त्यांच्या मौजेच्या खोल्यांशी आपला काय संबंध. आपण इथे पाहुणे, सरकारच्या कामात हात घालू नये. लोकांनी भराभर नावं काढून घेतली. जे दर गणपतीत वारसा, वारसा म्हणून भाषणं ठोकतात, त्यांनी सगळ्यांत आधी. मी एकेकाला फोन केले. कुणी मीटिंगमध्ये होतं, कुणाचा कायम रहिवासाचा, म्हणजे पीआरचा, अर्ज अडकला होता. एकाने तर विचारलं, तिथे बार्बेक्यू करू देतात का?

अंकलनी आणलेल्या मल्याळी आणि चिनी सह्या मोजक्याच; मराठीतल्या राहिल्या त्या आमच्या चार बौद्ध घरांच्या. अधिकाऱ्याने कागद पाहिला आणि तसाच गोड हसला. म्हणाला, मोठा समाज आहे म्हणून सांगितलं होतं ना तुम्ही? मग त्याने एका फलकाचं चित्र दाखवलं. रस्त्याच्या कडेला उभा राहील, स्कीवाल्यांचा जुना फोटो, खाली माहिती. अंकलनी चित्र उलटं करून टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिचं पत्रक खरं झालं. माझी खोली गेली.”

शाले पाडले त्या दिवशी मी ऑफिसात होते. रविवारी गेले तेव्हा सपाट माती आणि नारिंगी जाळी. बोट अंकलनी पलीकडच्या मलेशियातल्या जोहोरच्या कुणाला तरी देऊन टाकली म्हणे.

फलक लागला. त्यावर कामगारांनी खोल्या बांधल्या हे होतं, पाडल्या कुणी हे नव्हतं. माझं डोकं फिरलं. त्याच रात्री फलकाविरुद्ध नवं पत्रक लिहिलं आणि अंकलची पहिली सही घ्यायला पुढच्या रविवारी अंकलच्या फ्लॅटवर गेले. आधी फोन केले होते, ते उचलत नव्हते.

ते बनियनवर दाराशी आले. जाळीचं दार अर्धं उघडलं.

“आत ये, गर्ल. जेवून जा. पण कागद आणला असशील तर येऊ नकोस.”

मी पिशवी घट्ट धरून उभी राहिले. त्यांनी पिशवीतून डोकावणाऱ्या पत्रकाकडे पाहिलं. आतून टीव्हीचा आवाज येत होता. मग त्यांनी दार ओढून घेतलं.