तिघे हजर असतील तरच

एका खोलीत तीन माणसे राहू लागली की दोन गोष्टी साचतात, भांडी आणि किस्से. भांडी निदान कोणीतरी घासते. किस्से मात्र पुढच्या जेवणाला पुन्हा ताटात येतात.

जांबे गावातल्या आमच्या खोलीत मी, संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून नुकताच नोकरीला लागलेला. दुसरा नांदेडचा रामेश्वर, आणि तिसरा मुठा गावचा दत्ता. दत्ताकडे हातात धरून खेळायचा एक जुना जपानी कन्सोल आहे. त्यातला गेम म्हणजे एका मोठ्या मालिकेची उपशाखा. मूळ मालिकेत प्रत्येक भागाचे नायक वेगळे, जग वेगळे. इथे मात्र ते सगळे एकाच मोहिमेवर निघतात. लग्नात दोन्हीकडचे मामा एका पंगतीला बसावेत, साधारण तसे.

*

खोलीत तिघांपेक्षा जास्त माणसे चालणार नाहीत, ही घरमालकीण सुमनकाकूंची अट. एका रविवारी त्या गच्चीवर मिरच्या वाळत घालत होत्या आणि आत रामेश्वर म्हणाला, "चौथ्याला आजच घेऊ. जागा आहे की."

काकू तडक दारात. "चौथा मानूस कुटं हाय?"

दत्ताने स्क्रीन दाखवली. काकूंनी पदराला हात पुसून ती डोळ्यांजवळ धरली. "ही पोरगी हाय?"

"पोरगा हाय, काकू. तलवारवाला."

"एवढं क्यास हितं धुनार असंल, तर पानी पुरायचं न्हाई," असे म्हणून त्या मिरच्यांकडे परतल्या.

*

रामेश्वरने एकदा कन्सोल कामावर नेला. बस ट्रॅफिकमध्ये अडकली असताना त्याने एक मोठा राक्षस एकट्याने मारला आणि घरी येऊन अभिमानाने सांगितले. दत्ता शांतपणे भाकरी मोडत होता.

"आमी तितं व्हतो का?"

"नव्हता."

"मग त्यो मेला न्हाई."

त्याने जुना सेव्ह, म्हणजे लढाईआधी साठवून ठेवलेला खेळ, उघडला. राक्षस पुन्हा जिवंत झाला. तेव्हापासून नियम ठरला: मोठी लढाई तिघे हजर असतील तरच. रामेश्वरने अपील केले. जेवणाआधी फेटाळले, जेवणानंतरही फेटाळले.

*

मी सावध खेळतो. इतर दोघे याला वेगळा शब्द वापरतात. औषधे पुढे लागतील म्हणून मी ती राखून ठेवतो. गेमच्या पिशवीत आणखी मावेनाशी झाली, तरीही. एकदा दत्ताचा लाडका धनुर्धारी अखेरच्या घटका मोजत होता. "अजून एक फटका सोसेल, असा माझा अंदाज आहे," मी म्हणालो.

सोसला नाही.

"पिशवी फुटाया आलीया," दत्ता म्हणाला. "ही औषधं काय त्याच्या दहाव्याला वाटनार हायेस?"

"ह्याला स्वतःला ताप आला तरी गोळी अर्धीच खातो," रामेश्वरने पुस्ती जोडली. हे खरे आहे, परंतु इथे अप्रस्तुत आहे.

*

मग दत्ताला चेन्नईत नोकरी लागली. कन्सोल त्याचा, म्हणजे तोही जाणार. गेममध्ये शेवटचा राक्षस तेवढा उरला होता. "ह्ये संपवूनच जातो," दत्ता म्हणाला. "अर्धवट काय ठेवायचं न्हाई."

निघायच्या दिवशी सकाळी बॅग दाराशी, रिक्षा खाली, काकूंनी दिलेला डबा दत्ताच्या मांडीवर. आमचे नायक शेवटच्या दरवाजासमोर उभे. रामेश्वर नखे पाहत बसला होता.

दत्ताने कन्सोल माझ्या हातात दिला. "तूच मार. सावकाश मार, पर मार."

मी त्या दरवाजाकडे पाहिले. मग नायकांना माघारी वळवले, आल्या वाटेने गावात आणले, धर्मशाळेत झोपवले आणि गेम सेव्ह केला.

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला.

"काय झालं?" रामेश्वरने विचारले.

"औषधे कमी आहेत," मी म्हणालो.

दत्ताने कन्सोल घेतला. औषधांची पिशवी उघडली आणि वरपासून खालपर्यंत पाहिली. पुन्हा एकदा पाहिली. मग कन्सोल बॅगेत ठेवून त्याने चेन ओढली.

"व्हय," तो म्हणाला. "लई कमी हायेत."