वणीचा कोळसा, पुण्याची पायरी

वणीच्या बसस्थानकावर आईने माझ्या पिशवीत भाकरी-झुणक्याचा डबा ठेवला. त्याच्या शेजारी मी तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला कोळशाचा एक गोल दांडका ठेवला, मनगटाएवढा जाड. बाबा हसले. "पुण्याले कोयसा नेऊन रायला काय रे?"

मलाही थोडे हसू आले.

आपल्या तालुक्याच्या टोकाला काही वर्षांपूर्वी एक खोल विहीर खोदली होती, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. ती पाण्यासाठी नव्हती. खोलवरच्या कोळशात अडकलेला मिथेन वायू काढण्यासाठी होती. माझ्या पिशवीतला दांडका तिथूनच नमुना म्हणून कापून काढलेला. जेमतेम वीतभर रुंदीचे भोक, पण जवळपास एक किलोमीटर खोल. भोकाची भिंत ढासळली की खोदण्याचा दांडा आतच अडकतो. म्हणून खोदताना आत दाट चिखल भरत राहतात; त्याच्या वजनाने भिंत तोलून धरली जाते. हा चिखल किती जड हवा, हे खोदण्याआधीच सांगणारा प्रोग्राम मी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी लिहिला होता. पुण्याजवळच्या वाघोलीच्या एका छोट्या कंपनीने तो बघायला बोलावले होते. पटला तर सहा महिने शिकायला ठेवणार होते. नाही तर परत येऊन मी बाबा काम करतात त्या खाणीत हजेरी कारकुनाची जागा बघायची, असे घरी ठरले होते. आमच्या घरातून महाविद्यालयात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे 'नाही तर'चाच विचार जास्त होत होता.

वर्ध्याहून गाडी पकडली. सकाळी पुणे आले. नारायण पेठेत जोशीकाकांकडे खोली मिळाली होती. काका निवृत्त शिक्षक. त्यांनी आधी माझ्याकडे, मग हातातल्या लुगड्याच्या गाठोड्याकडे पाहिले.

"हे काय?"

"कोळसा आहे, काका."

"अहो, पुण्यात गॅस येऊन बरीच वर्षं झाली. चपला बाहेर काढतात, तिथेच तोही ठेवा."

मी तो पायरीवर ठेवला. माझ्या एकुलत्या एक पांढऱ्या शर्टावर काळा पट्टा उमटला होता, तो आधी धुतला.

कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात पोहे मागवले. वर ओले खोबरे, कोथिंबीर आणि चवीला चक्क साखर. आमच्याकडे पोह्यांवर तिखट रस्सा ओततात, म्हणून मी भीत भीत विचारले, "तर्री मिळेल का?"

"पोहे मागितलेत ना? मग पोहेच येणार," मालक म्हणाले. पण जाताना त्यांनी न मागता लोणच्याची फोड ताटलीत टाकली. शेजारच्या अमृततुल्यमध्ये (चहाच्या दुकानाला इथे असे म्हणतात) चहा घेतला आणि वाघोलीची बस धरली. नगर रस्त्यावर शेतांच्या मधोमध काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माझ्याच वयाची मुले-मुली बसमधून उतरत होती. त्यांच्यात आपण शोभू का, असे वाटून गेले.

कंपनीच्या प्रमुख रानडे मॅडम भूगर्भशास्त्रज्ञ होत्या. त्यांची एक पद्धत होती. जुन्या विहिरीची खरी नोंद बंद पाकिटात ठेवायची, आधी भाकीत लिहून घ्यायचे आणि मगच पाकीट उघडायचे. माझ्यासाठी आपल्याच तालुक्यातली ती विहीर निवडली होती. मी प्रोग्राम चालवला. 'भिंत टिकेल' असे उत्तर आले. मी ते कागदावर लिहून सही केली.

मॅडमनी पाकीट फोडले. कोळशाच्या थरात भोक दुपटीने रुंद झाले होते. भिंत ढासळली होती.

"चिखल अजून जड हवा होता," मी घाईने म्हणालो.

"केला होता. पुढचं पान बघा."

जड चिखलाने भिंत आणखी ढासळली होती. माझ्या गणितात असे होऊच शकत नव्हते.

"उद्या दुपारपर्यंत कारण सांगा. सांगता आलं नाही, तरी चहा पिऊन जा," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी परतलो, तर जोशीकाका पायरीवरच उभे होते. "तुमचा तो दांडका माझ्या पायाला लागून खाली पडला. फुटला. चूक माझी नाही, पण वाईट वाटतंय."

मी खाली वाकलो. दांडक्याचे सरळ, चपटे, आरशासारखे गुळगुळीत तुकडे झाले होते. ते पाहताना आई आठवली. शेगडीसाठी कोळसा फोडताना ती कधी जोर लावत नाही. लहानपणी मी हातोडी आपटत बसायचो, तेव्हा म्हणायची, "आधी रेघ पाह्य, मंग हाण." रेघ, म्हणजे कोळशातली मूळचीच बारीक चीर, सापडली की एका टिचकीत मोठा गोटा दुभंगायचा. आपल्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असते. आणि मी, तिथेच वाढलेला, गणितात कोळसा अखंड दगड धरून बसलो होतो!

त्याहून मोठी चूक नंतर लक्षात आली. त्या विहिरीतून निघालेल्या दांडक्यांपैकी जे अखंड राहिले, तेवढेच मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत यंत्रात दाबून तपासले होते. फुटलेले तुकडे कचरा म्हणून टाकून दिले होते. म्हणजे पास झालेल्या मुलांनाच पुन्हा परीक्षेला बसवले होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळे सांगितले. तुकडे टाकल्याचेही. "चिखल रेघांतून आत शिरत असणार. जड केला की जास्त जोराने शिरतो आणि तुकडे सुटे करतो. आधी रेघा बुजवायला हव्यात, मग वजन."

मॅडमनी दुसऱ्या एका विहिरीचे पाकीट पुढे केले. मी प्रोग्राममध्ये रेघांची दिशा घातली आणि भाकीत लिहिले. पाकीट उघडले. भिंत किती ढासळेल हे चुकले होते. कुठे ढासळेल ते जुळले होते.

"बरोबर नाही," मॅडम म्हणाल्या. मग चष्मा काढून हसल्या. "पण काल तुमचं उत्तर दगडाचं होतं. आज कोळशाचं आहे. घरी जा, टाकलेले तुकडे गोळा करा आणि सोमवारी या. सहा महिने लागतील."

निघताना जोशीकाकांनी फुटलेला दांडका वर्तमानपत्रात नीट बांधून हातात दिला. "पुढच्या वेळी आत ठेवा," म्हणाले.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेमागचा टाकलेल्या तुकड्यांचा ढीग अजून तिथेच होता. थोडा शिपाईकाकांच्या शेगडीत गेला होता, एवढेच. उरलेले तुकडे पोत्यात भरून घरी आणले आणि अंगणात एकेकावर खडूने क्रमांक टाकू लागलो. माझे शिक्षण बाबांनी नेहमी लांबूनच पाहिले होते, परक्या घराच्या दाराशी उभे राहावे तसे. त्या दिवशी ते येऊन शेजारी बसले. एक तुकडा उचलून नखाने टिचकी मारली, कान लावला.

"याची रेघ कुठं हाय, सांगू?"

मी वही उघडली.