साहसाचा अर्थ सांगणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांनी जन्मात एकही धंदा केला नाही, आणि हैदराबादेतल्या मराठी माणसाचा एकही धंदा त्यांच्या भाषणाशिवाय सुरू झाला नाही. संस्कृत शिकवून निवृत्त झालेला भारदस्त माणूस, शिवाय राहायला चिक्कडपल्लीत, म्हणजे शहराच्या मधोमध, सगळ्यांना सोयीचा. मामा धोतर नेसून वेळेआधी हजर होत, नारळ फोडत आणि माइक हातात आला की विचारत, "साहस म्हणजे काय?" नव्या धंद्यात उडी घेणाऱ्याला आपण कौतुकानं साहसी म्हणतो, मामांना ते सहन होत नसे. जुन्या स्मृतिग्रंथांमध्ये साहस म्हणजे दांडगाई, उघड उघड केलेली लूटमार, आणि राजा त्याला दंड करी, हे ते मालकाला शेजारी उभं करून समजावत. सुलतान बाजारातल्या एका साडीच्या दुकानात हे ऐकून मालक कसेबसे हसले, त्यांचे भागीदार हसले नाहीत. "आज तरी नक्को म्हटलं होतं ना!" म्हणून मामी चिडल्या, तर मामा म्हणाले, "अर्थ सांगायला कायकू भ्यायचं?"

मग त्यांच्याच मुलीनं, माधवीनं, आयटीतली चांगली नोकरी सोडून कुकटपल्लीत पिठलं-भाकरीचं छोटं हॉटेल काढलं. मामा महिनाभर घरात गप्पच होते. उद्घाटनाला आले, नारळ फोडला. आता काय ऐकावं लागतंय या धास्तीनं आम्ही उभे, आणि माधवीनं स्वतःच माइक पुढे केला. मामांनी चुलीकडे बघितलं आणि म्हणाले, "तवा तापलाय. भाकऱ्या टाका." माइक परत दिला. आम्ही सुटलो म्हणून जोरात टाळ्या वाजवल्या.

माधवी मात्र आत जाऊन रडली. "सगळ्या गावाला अर्थ सांगतात, माझ्या वेळी दोन शब्द नाहीत," ती माझ्या बायकोला म्हणाली. "बाबांना हे पटलेलंच नाही."

परतताना ऑटोत मी मामांना विचारलंच, का बोलला नाहीत म्हणून.

"जावईबापू, ती लोकांची दुकानं होती हो. तिथं तोंडातून काही वेडंवाकडं निघालं तरी मला झोप लागायची."

इतकी वर्षं त्यांची थट्टा केली, पण त्या क्षणी मला त्यांच्याविषयी फार माया वाटली. हे माधवीला सांगा, मी म्हटलं.

"हौ, सांगतो," मामा म्हणाले. मग माझा हात धरून हळूच विचारलं, "चालेल ना हो तिचं?"