करंगळीवरची शाई

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कपडे धुऊन इस्त्री करून देणारी जी खोली आहे, ती चालवणारीला सगळे घडीताई म्हणतात. तिचं खरं नाव विचारलं तर तिच्या नवऱ्यालाही क्षणभर थांबावं लागतं. हाताला लागेल त्याची ती घडी घालते. बसचं तिकीट, औषधाच्या पुडीचा कागद, काहीही. एकदा मी शिंकायला काढलेला रुमाल तिनं बोलता बोलता घेतला आणि चौकोनी करून परत दिला. शिंक गेली कुठल्या कुठे.

खोलीत पुढे एक लांब टेबल, त्यावर जुनं कांबळं अंथरलेलं. मागे दोन हौद. वाफेनं भिंतीला पोपडे आलेले. गल्लीतल्या चाळीसेक घरांचे कपडे आणि शिवाय मोठ्या दवाखान्याच्या चादरी तिच्याकडे येत. कुणाचं काय हे कळावं म्हणून ती कॉलरच्या आत खुणेची शाई लावायची. आमच्या घराची खूण दोन ठिपके आणि एक आडवी रेघ. शाई भलती चिवट. आमच्या ह्यांच्या सदऱ्याचं फडकं झालं, फडक्याची पायपुसणी झाली, तरी ठिपके जागच्या जागी.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा पोलिओचे डोस पाजायचा दिवस असायचा. पाच वर्षांच्या आतलं पोर शाळेत न्यायचं, रांग लावायची, नर्सबाई तोंडात दोन थेंब टाकायची आणि डाव्या करंगळीच्या नखावर काळी रेघ ओढायची. मग तीन दिवस ती घरोघर फिरायची. रेघ दिसली की दारावर खडूनं खूण करून पुढे. नाही दिसली की बसलीच उपदेश करत.

घडीताईची मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची होती. सदऱ्यांची बटणं चघळायची म्हणून तिला आम्ही बटण म्हणायचो. त्या दिवशी दवाखान्याच्या चादरींचा ढीग छताला लागला होता.

"कुणी उभं राहायचं रांगेत?" घडीताई म्हणाली. "आणि दर खेपेला तेच. पोराचं पोट आहे की रांजण?"

"फुकट देतात ना, म्हणून आपल्याला किंमत नाही," मी म्हटलं.

"फुकट देतात म्हणूनच शंका येते, काकू."

असं म्हणून तिनं शाईच्या बाटलीत काडी बुडवली आणि बटणच्या करंगळीवर रेघ ओढली. कॉलरवर ओढावी तशी, सफाईनं. नर्सबाई आली, बोट बघितलं, दारावर खडू मारला, पाणी प्यायली, गेली.

मी तिथेच बसले होते. मी हसले. इतकंच नाही, मी म्हटलं, "आमच्या नातवालाही लाव गं एक. सून कामावर, माझे गुडघे हे असे. कोण जातंय शाळेपर्यंत?" नातू तीन वर्षांचा होता. त्यानं बोट पुढे केलं, तिनं रेघ ओढली. मग शेजारणीला कळलं, तिनं तिच्या शेजारणीला सांगितलं. संध्याकाळपर्यंत अकरा पोरं झाली. नर्सबाई आमच्याकडे आली तेव्हा मी तिला चहा पाजला आणि "पाजले हो डोस" म्हणून सांगितलं.

पंधराएक दिवसांनी नातवाला ताप आला. दोन दिवस जुलाब. मी मीठ-साखरेचं पाणी दिलं, तिसऱ्या दिवशी तो गल्लीत हुंदडायला लागला. मी विसरूनही गेले.

त्यानंतर दोन आठवड्यांनी बटणला ताप आला. चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला होता. घडीताईनं रोजच्यासारखं तिला टेबलाच्या पायाला धरून उभं केलं. डावा पाय मुडपला. पुन्हा उभं केलं, पुन्हा मुडपला. मी कपडे द्यायला गेले होते.

"काकू, ही नाटक करतेय का हो?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, "करत असेल."

डॉक्टरांनी पाय उचलून सोडला, तो पडला. ते म्हणाले, यावर औषध नाही. व्यायाम करा, पट्टा लावावा लागेल. मग म्हणाले, "एका पोराचा पाय जातो तेव्हा शंभर-दोनशे पोरांच्या पोटातून हा रोग गुपचूप फिरलेला असतो. कुणाला ताप येतो, कुणाचं पोट बिघडतं, बहुतेकांना तेही नाही. हातातून, पाण्यातून पुढे सरकतो. सगळ्या पोरांनी डोस घेतले असते तर त्याला राहायला घर मिळालं नसतं." मी घडीताईसोबत गेले होते. ती ऐकत होती आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची घडी घालत होती. चिठ्ठी नखाएवढी झाली.

मला काय वाटलं ते विचारू नका. काही वाटलं नाही. हात बधिर झाल्यावर गरम भांडं धरलं तरी कळत नाही, तसं होतं ते.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका तिच्या खोलीत जमल्या. डॉक्टरांनी वर कळवलं होतं, त्यामुळे डोस पाजायला नर्सबाई परत येणार, हे कळलं होतं.

"हे बघ, तुझ्या पोरीचं वाईट झालं," एक म्हणाली, "पण तू तोंड उघडलंस तर आमची काय शोभा?"

"आणि दवाखान्याच्या चादरी राहतील का तुझ्याकडे?" दुसरी म्हणाली.

मी सगळ्यांत वयानं मोठी. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "झाकली मूठ झाकलीच राहू दे गं."

घडीताई इस्त्री फिरवत राहिली.

नर्सबाई सकाळी आली. खांद्याला बर्फाची निळी पेटी, हातात वही. म्हणाली, "आज बाटल्या थोड्याच मिळाल्यात. ज्यांचे मागचे डोस राहिलेत त्यांना आधी, बाकीच्यांना चार दिवसांनी. ह्या गल्लीत तर सगळ्यांचे झालेत. मी आधी पलीकडे जाते." आणि वळली.

"बाई, थांबा," घडीताई म्हणाली.

तिनं इस्त्री उभी केली, बटणला कडेवर घेतलं आणि सरळ आमच्या दारात आली. पहिलं दार आमचंच. नातू दारातच खेळत होता. त्याची मूठ तिनं उघडली, करंगळी वर धरली. नखाच्या टोकाकडे सरकलेली काळी रेघ अजून तशीच होती.

"तुमची शाई पंधरा दिवसांत जाते, बाई. आता महिना उलटला. ज्या बोटावर अजून काळं आहे ते माझं काम आहे. ह्याला डोस मिळालेला नाही."

नर्सबाईनं माझ्याकडे बघितलं. "मावशी, तुम्ही तर पाजले म्हणाला होतात."

मी माझ्या चपलांकडे बघत होते.

"पाजला होता खरा," ती म्हणाली, "पण चहा. तोही मला."

मग घडीताई दारोदार गेली. एकेक मूठ उघडली, एकेक बोट दाखवलं. अकरावं बोट बटणचं. तेही तिनं दाखवलं. त्या सकाळी आमच्या गल्लीतल्या दहा पोरांच्या तोंडात थेंब पडले आणि बटणच्याही पडले. पुन्हा आमच्या गल्लीत कुणाचा पाय गेला नाही.

दवाखान्याच्या चादरी मात्र गेल्या. अर्ध्या गल्लीनं तिच्याकडे कपडे देणं बंद केलं. बोलणी तिला बसली, आम्हाला नाही. आम्हीही तिच्याबरोबर होतो, हे कुणी म्हणालं नाही. मीसुद्धा नाही. कपडे तेवढे देत राहिले.

एकदा सांगितलं मी तिला. खूप वर्षांनी. "बटणच्या आधी आमच्याला ताप होता. जुलाब होते. आमच्याकडूनच गेलं असेल."

तिनं बाही सपाट केली. "असेल. नसेल. तिच्या बोटावरही माझीच शाई होती, काकू."

बटण आता तिशी ओलांडून गेली. गुडघ्यावर हात दाबून चालते. टेबलाशी बसून कपडे घेते, देते, गिऱ्हाइकांना टोमणे मारते. "आजोबा, ह्या पँटला आता निवृत्ती द्या," असं परवाच कुणाला तरी म्हणाली.

शाईची बाटली त्या खोलीत पुन्हा आली नाही. घडीताई कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं टाके घालते. आमचे दोन टाके आणि एक आडवा. एकेका कपड्याला किती वेळ जातो, डोळे जातात. "यंत्रावर छापलेली नंबराची पट्टी लाव," बटण म्हणते. ती ऐकत नाही.

गेल्या आठवड्यात नातवाच्या मुलीला, माझ्या पणतीला, डोस पाजून आणलं. मी रांगेत उभी राहिले. गुडघे तेच आहेत. येताना तिच्या खोलीवर थांबले. घडीताईनं इस्त्री बाजूला उभी केली, पणतीची करंगळी धरली आणि ओल्या फडक्यानं नख जोर लावून घासलं. थोडं काळं फडक्याला लागलं.

"खरी आहे," ती म्हणाली.

आणि फडक्याची घडी घातली.